मर्दानगीचा दाखला कोण देतो?

जयंतीच्या तयारीची बैठक होती. मिरवणुकीच्या परवानगीचा कागद एका अधिकाऱ्याने अडवून ठेवला होता आणि पोरं तापली होती. एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "उद्या मोर्चा नेऊ आणि साहेबाला बांगड्यांचा आहेर करू!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

मागे चटईवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "बाळा, माझी आजेसासू काळारामाला बसली होती. बांगड्या घालूनच बसली होती." कोणीतरी हसलं, कोणीतरी "बरोबर आहे ताई" म्हणालं आणि विषय वर्गणीवर गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य काही गेलं नाही. ज्या नाशकात आपण बसलो होतो, त्याच नाशकात आपल्या आज्या-पणज्यांनी पाच वर्षे चाललेल्या सत्याग्रहात पोलिसांच्या समोर ठाण मांडलं. आणि त्याच नाशकात आपण एखाद्याला भित्रा म्हणण्यासाठी बाईच्या हातातली वस्तू वापरतो. हे आपल्याला शिकवलं कोणी?

म्हणून हा लेख. पुरुष म्हणजे काय, हा प्रश्न आपण जीवशास्त्राच्या पुस्तकावर सोडून देतो. दाढी-मिशी येते, आवाज फुटतो, की झाला पुरुष. इतिहास असं सांगत नाही. इतिहास सांगतो की शरीर निसर्ग देतो, पण 'मर्द' हा दाखला समाज देतो. तो देणारा कोणीतरी असतो, अटी त्याच्या असतात आणि वाटेल तेव्हा तो दाखला परतही घेतला जातो. आपल्या समाजाकडून तो किती वेळा काढून घेतला गेला, हे आधी पाहू.

गावगाड्यात महाराचा म्हातारा पाटलाच्या वाड्यावर गेला की पाटलाचं दहा वर्षांचं पोर त्याला अरे-तुरे करायचं. नावसुद्धा पूर्ण घेत नसत, महादूचा म्हाद्या व्हायचा, भावरावचा भाव्या. मिशा पांढऱ्या झाल्या, नातवंडं झाली, तरी गावाच्या लेखी तो कधी मोठा होत नसे. मराठीतला 'गडी' शब्द बघा. गडी म्हणजे पुरुष आणि गडी म्हणजे घरातला नोकरही. कोणता गडी कोणता, हे बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जात ठरवायची.

अमेरिकेतही असंच होतं. दक्षिणेतले गोरे लोक साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणत, पोरा म्हणत. १९६८ साली मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले. त्यानंतर तिथले सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यात जे फलक होते त्यांवर पगाराचा आकडा नव्हता. 'आय ॲम अ मॅन' एवढंच लिहिलं होतं. याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले आणि तिथेच त्यांचा खून झाला. आता त्या फलकाचं मराठी करून पाहा. 'मी पुरुष आहे' असंही होतं आणि 'मी माणूस आहे' असंही होतं. इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे त्यांना निवड करावी लागली नाही. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला ती करावी लागते. बाबासाहेबांच्या चळवळीने माणुसकी हा शब्द उचलला, पाण्याचा लढा असो की मंदिराचा. माझ्या मते ही आपल्या चळवळीतली फार मोठी निवड होती आणि आज आपण ती विसरत चाललो आहोत.

मिशीचंच घ्या. मिशी ही तर शुद्ध जीवशास्त्राची गोष्ट. पण २०१७ साली गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारल्याच्या तक्रारी झाल्या. पाठोपाठ शेकडो तरुणांनी निषेध म्हणून मोबाईलवर स्वतःच्या फोटोच्या जागी मिशीचं चित्र लावलं. केस ओठावर येतात ते निसर्गाने, पण त्यांना पीळ कोणी द्यायचा हे गावाने आधीच ठरवलेलं असतं.

सरकारनेही हेच केलं, आणि तेही लेखी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक पिढ्यानपिढ्या होते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांतली 'नाक' प्रत्यय असलेली नावं कोणाची हे तुम्हाला सांगायला नको. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं एक शास्त्र शोधून काढलं. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. उत्तरेकडचे काही समाज म्हणे जन्मानेच मर्द आणि बाकीचे जन्मानेच मऊ. १८९२ च्या सुमाराला महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली आणि १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ साली पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

हिशेब करा. १८९२ ला नामर्द, १९१७ ला मर्द, १९२१ ला पुन्हा नामर्द, १९४१ ला पुन्हा मर्द. या पन्नास वर्षांत आपल्या रक्तात किंवा हाडांत काय बदललं होतं? काहीही नाही. सरकारची गरज तेवढी बदलली होती.

जाता जाता नाशिकची एक गंमत सांगतो. आपल्या देवळालीला इंग्रजांचा मोठा तळ होता. मायदेशी जाणारे गोरे सैनिक जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्महिने पडून असत. उष्मा, दारू, ताप आणि रिकामपण यांनी त्यांच्यातले काही भ्रमिष्ट होत. इंग्रजी बोलीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून गेला आहे. पण म्हणून कोणी गोऱ्यांना लढवय्यांच्या यादीतून काढलं नाही. यादी करणारा स्वतःला कधी तपासत नाही.

नाशकात पुरुषाच्या वर्णनाचा याहून फार जुना पुरावा आहे. त्रिरश्मी लेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात (पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, हे आपल्या पोरांना आता पाठ आहे) गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्खू संघाला दान दिलं आणि त्या लेखात आपल्या मेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरून घेतलं. आईच्या नजरेतला पुरुष म्हणून तो लेख वाचण्यासारखा आहे. त्यात त्याचे बलदंड बाहू आहेत, हत्तीसारखी चाल आहे, शकांचा आणि क्षहरातांचा केलेला पाडाव आहे. पण त्यातच तो आईची सेवा करणारा आहे, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नाखूश आहे, प्रजेच्या सुखदुःखात सुखदुःख मानणारा आहे. तो स्वतःची ओळखही आईच्या नावाने सांगतो. आजचे आपले 'वाघ' आईच्या नावाने ओळख सांगतील का?

पण तिथेच थांबून चालणार नाही. त्याच लेखात त्याचं आणखी एक मोठेपण सांगितलं आहे. चार वर्णांचा संकर त्याने थांबवला, हे. म्हणजे आजपासून जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी, बुद्धाच्या संघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर, आदर्श पुरुषाच्या गुणांत 'जातीची सरमिसळ होऊ न देणं' हा गुण बसलेला आहे. संकर थांबवायचा म्हणजे काय करायचं? बायांवर पहारा ठेवायचा. कोणाची लेक कोणाच्या घरी जाते, यावर लक्ष ठेवायचं. लेण्यात प्रदर्शनासाठी येणारी मंडळी शिल्पाचे फोटो काढतात, माझी विनंती आहे की हा लेखही समजून घ्या. आपल्याला अभिमान वाटावा अशा जागीही आपल्याला नको असलेली गोष्ट कोरलेली असू शकते.

वर्ण आणि बाईवरचा पहारा यांचं नातं बाबासाहेबांनी पंचवीस वर्षांचे असताना उलगडून दाखवलं होतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद आपल्यातल्या अनेकांनी नुसता ऐकलेला आहे, म्हणून थोडक्यात मांडतो. जात टिकवायची तर जातीतच लग्न झालं पाहिजे. त्यासाठी जातीत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बाया सारखे लागतात. निसर्ग साधारण सारखे देतो, पण नवरा आधी मेला की एक बाई 'जास्त' होते आणि बायको आधी मेली की एक पुरुष 'जास्त' होतो. जास्त झालेल्या बाईने जातीबाहेर लग्न केलं तर जात मोडेल. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळा किंवा आयुष्यभर विधवा ठेवा. आणि जास्त झालेला पुरुष? त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याचा गटाला उपयोग आहे आणि त्याचा शब्द चालतो. मग त्याला लहान मुलगी बायको म्हणून द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचं मूळ बाबासाहेब असं शोधतात.

आता यात पुरुषपण कुठे आहे ते बघा. दोघांचा जोडीदार मेला आहे, दोघांचं शरीर जिवंत आहे, दुःख दोघांना आहे. एकाला चिता आणि दुसऱ्याला नवी नवरी, हा फरक शरीराने केलेला नाही. जातीने केला आहे. त्यामुळे जात तशीच ठेवून नुसती मर्दानगी 'सुधारता' येत नाही, आणि मर्दानगी तशीच ठेवून जात मोडता येत नाही. आपल्यातले काही जण म्हणतात की आधी जातीचं बघू, बायकांचं नंतर. १९१६ चा निबंध वाचल्यावर हे म्हणता येत नाही.

आता काळारामाकडे येऊ, कारण नाशिकच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा तिथे आहे. मंदिर पंचवटीत. पंचवटीची कथा सगळ्यांना माहीत आहे. एका स्त्रीने आपली इच्छा बोलून दाखवली आणि दोन राजपुत्रांपैकी धाकट्याने तिचं नाक कापलं. शहराचं नाव त्या नाकावरून पडलं असं लोक सांगतात. दुसऱ्या व्युत्पत्तीही आहेत, पण लोकांना हीच आवडते. ज्या गावात बाईचं नाक कापणं ही पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, त्या गावात २ मार्च १९३० रोजी काय घडलं?

सकाळी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार लोक, मैलभर लांब रांग. नाशिकने एवढी मोठी मिरवणूक तोवर पाहिली नव्हती. सगळ्यात पुढे लष्करात राहून आलेली माणसं पलटणीच्या चालीवर बँड वाजवत होती. त्यांच्या मागे अस्पृश्य स्काउट मुलांची तुकडी. आणि त्यांच्या मागे सुमारे पाचशे सत्याग्रही स्त्रिया. धनंजय कीरांनी चरित्रात हा क्रम नोंदवला आहे आणि मला तो फार बोलका वाटतो. सरकारने नामर्द ठरवून घरी पाठवलेल्या समाजाचे सैनिक पुढे, आणि ज्यांना कोणी सैनिक मानलंच नव्हतं त्या बाया त्यांच्या पाठोपाठ, सत्याग्रही म्हणून. त्या भाकरी बांधून द्यायला आलेल्या नव्हत्या. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली.

दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. त्या तुकडीत १२५ पुरुष आणि सुमारे २५ स्त्रिया. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब. त्यांचं वय तेव्हा सत्तावीस. आजच्या कित्येक तालुकाध्यक्षांपेक्षा लहान!

सत्याग्रहात शरीर लागतं हे खरं. ऊन लागतं, भूक लागते, दगड लागतात. पण मर्दानगीच्या नेहमीच्या व्याख्येत शरीराचं काम असतं दुसऱ्याला मारणं. इथे शरीराचं काम होतं हलायचं नाही. आणि हे काम बाईला पुरुषाइतकंच येतं. सत्याग्रहाच्या पद्धतीनेच बाई-पुरुष हा भेद निरुपयोगी करून टाकला, याकडे आपलं लक्ष जात नाही.

महिनाभराने रथयात्रा आली. ९ एप्रिल १९३० ची ही गोष्ट दोन-तीनदा वाचावी अशी आहे. तडजोड अशी ठरली की दोन्ही बाजूंचे बळकट पुरुष मिळून रथ ओढतील. तडजोड करणाऱ्यांनाही बळकट पुरुषच दिसले, हे लक्षात घ्या. नाशकात रथ ओढण्याचा मान तालमींचा, तेव्हा अट समजण्यासारखी आहे. पण आपली निवडलेली माणसं रथाला हात लावणार, तेवढ्यात सवर्ण मंडळी रथ घेऊन पळाली. एका अरुंद गल्लीत रथ नेला, गल्लीच्या तोंडावर हत्यारबंद पोलीस. कद्रेकर नावाच्या भंडारी तरुणाने पोलिसांचं कडं फोडलं, त्याच्या मागून शेकडो लोक घुसले, दगडांचा पाऊस पडला. कद्रेकर रक्ताच्या थारोळ्यात कोसळला. बाबासाहेबांनाही लागलं.

मी या प्रसंगाकडे असा बघतो. ताकदीची परीक्षा ठरली होती. त्या परीक्षेत अस्पृश्य पुरुष बरोबरीने उतरले तर बरोबरी सिद्ध होईल, या भीतीने समोरची बाजू परीक्षाच घेऊन पळाली. ही दाखल्याची रीतच आहे. तुम्ही अट पूर्ण केलीत की अट बदलते. सैन्यात शौर्य दाखवलंत तर भरती बंद होते. रथ ओढायला ताकद लागते म्हणून ताकदवान माणसं आणलीत तर रथ गल्लीत जातो. शिकलात तर 'सवलतीचे' म्हणतात, मिशी ठेवलीत तर माज आला म्हणतात.

बाबासाहेबांना हे कळलं होतं. म्हणूनच ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं की आपण हा सत्याग्रह लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून केला नव्हता आणि मंदिरात शिरल्याने समता मिळेल असंही मानलं नव्हतं. समाजात चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो होता आणि ते काम झालं होतं. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दाखला देणाऱ्याच्या दारातून उठून जाणं म्हणजे येवला.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच नाशकात दुसरी एक व्याख्या उभी राहिली. डॉ. बा. शि. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये इटलीला गेले होते. तिथे त्यांनी मुलांना लष्करी शिस्त लावणाऱ्या फॅसिस्ट संघटना पाहिल्या आणि मुसोलिनीची भेट घेतली. हिंदू समाज दुबळा आहे, त्याला लष्करी शिक्षणाने मर्द करायचं, हे त्यांचं जुनं मत होतं. १९३७ साली नाशकात त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. शाळेत शिस्त, कवायत, घोडेस्वारी शिकवायला माझी हरकत नाही, आपले बापजादेही पलटणीतलेच होते. हरकत त्या विचारातल्या निदानाला आहे. समाज दुबळा का? कारण चौथ्या भागाच्या लोकांना दाराबाहेर ठेवलं आहे आणि अर्ध्या लोकसंख्येला स्वयंपाकघरात कोंडलं आहे. हे दोन्ही तसंच ठेवून वर गणवेश चढवला की बाहेर नवा शत्रू शोधावाच लागतो. ती मर्दानगी शत्रूवाचून उभीच राहत नाही. काळारामाच्या दारात बसलेल्या स्त्री-पुरुषांना शत्रूला संपवायचं नव्हतं, त्यांना दार उघडून हवं होतं.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती टाळत नाही. बाबासाहेबही शौर्याची भाषा बोलत. १९२७ साली ते कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करून आले. समता सैनिक दलात कवायत होती. मग फरक काय राहिला? माझं उत्तर असं की बाबासाहेबांनी शौर्याचा उपयोग काढून घेतलेला स्वाभिमान परत मिळवण्यासाठी केला, पण माणसाची शेवटची कसोटी शौर्यावर ठेवली नाही. याचा पुरावा त्यांच्या शेवटच्या ग्रंथात आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसणं हे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण होतं. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोध करतो, मतदानात हरतो. क्षत्रियाचा धर्म युद्ध आहे, तू सैन्यात यायलाच पाहिजे, असं त्याला सांगितलं जातं. तो नाही म्हणतो आणि परागंदा होणं पत्करतो.

क्षत्रिय तरुणाने भर संघात 'मी लढणार नाही' म्हणणं! आजच्या भाषेत त्याला बांगड्यांचा आहेर मिळाला असता. बाबासाहेबांनी मात्र त्या क्षणी बुद्धाच्या प्रवासाची सुरुवात ठेवली. घर सोडताना तो यशोधरेशी बोलतो, ती त्याला समजून घेते, स्वतःच्या बळावर निरोप देते. रात्री झोपलेल्या बायकोला सोडून जाणारा नवरा या कथेत नाही. हा बदल सहज झालेला नाही.

घराच्या आतल्या पुरुषाबद्दलही बाबासाहेब गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि इतर गोष्टींबरोबर हेही सांगितलं की दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला थारा देऊ नका. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितलं की बायको नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची असली पाहिजे, गुलाम नव्हे. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. कायदामंत्र्याने बायकांच्या वारसाहक्कासाठी आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी खुर्ची सोडावी, याला मी मर्दानगी म्हणणार नाही. तो शब्द इथे अपुरा पडतो.

आता आजचं. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यातल्या सोनईजवळ मेहतर समाजाच्या तीन तरुणांना मारण्यात आलं. कारण एका तरुणाचं सवर्ण मुलीवर प्रेम. प्रेतांचे तुकडे केले होते. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. मारणाऱ्यांत मुलीच्या घरचेच पुरुष होते. त्यांना कोणत्या मर्दानगीने हे करायला लावलं? त्रिरश्मीच्या भिंतीवर कोरलेल्याच त्या गुणाने, संकर थांबवण्याच्या. 'इज्जत' म्हणजे मुलीचं मन नव्हे, तिच्या शरीरावरचा आपला ताबा. हा ताबा सुटला की पुरुष नामर्द ठरतो, म्हणून खून.

सोनईचा निषेध करताना आपला आवाज मोठा असतो, तो असायलाच हवा. पण आपल्या वस्तीत बहिणीने दुसऱ्या जातीतला, नाहीतर आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीतला मुलगा निवडला की आपल्यातले किती भाऊ शांत बसतात? मोबाईल तपासणारे, कॉलेजच्या गेटवर नजर ठेवणारे, "समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही" म्हणणारे भाऊ मी पाहिले आहेत. जय भीम म्हणणारेच आहेत. हिंसेची तुलना करत नाही, तुलना होऊच शकत नाही. पण विचार कुठून आला हे विचारतो आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांना जुन्या चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन शोधावं लागलं. काळारामाला बसलेल्या, परिषदा भरवलेल्या, पत्रकं वाटलेल्या बाया कोणाच्या तरी घराच्या कोपऱ्यात बसून होत्या आणि त्यांच्या नातवांनाही त्यांनी काय केलं हे नीट माहीत नव्हतं. पुस्तकाच्या नावातला 'ही' कोणाला उद्देशून आहे, हे मला सांगायची गरज नाही. तो शब्द सवर्णांना उद्देशून नाही.

दादासाहेबांचे पुतळे, फलक नाशकात आहेत. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्यांच्या हाकेवर हजारो लोक तुरुंगात गेले, त्यांत कडेवर पोरं घेतलेल्या बायाही होत्या. आपण जयंतीच्या गाण्यांत वाघ, ढाण्या वाघ, बापमाणूस एवढंच वाजवतो. डीजेसमोर नाचणारं पोर त्या क्षणी भीती विसरतं हे मला समजतं. ज्याला रोज कोणीतरी खाली बघायला लावतं त्याला वर्षातून एक दिवस छाती काढून चालायचं असतं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच मिरवणुकीत रात्री दहानंतर मुली का नसतात? त्यांना घरी कोण पाठवतं? पाठवणारा मनुवादी बाहेरून येतो का?

त्या ताईंकडे मी नंतर गेलो. आजेसासूचं नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, पण कोणत्या दरवाजावर बसली होती, किती दिवस, अटक झाली का, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. "तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही," म्हणाल्या. चहा झाला. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि सासऱ्यांचा फेटा घातलेला फोटो होता. आजेसासूचा फोटो नव्हता.

येत्या २ मार्चच्या अभिवादन सभेचं पत्रक परवा माझ्याकडे तपासायला आलं. वक्त्यांची अकरा नावं आहेत, अकराही पुरुष. खाली बारीक अक्षरात 'महिला मंडळाने बहुसंख्येने उपस्थित राहावे'. मी पत्रक परत पाठवलं आहे. पोरांनी फोन करून विचारलं, छपाईला उशीर होतोय, कोणाचं नाव कमी करायचं? मी म्हटलं, पहिलं माझं करा.